पेव कुठं पळून चाललंय?

माझा आजोबा भित्रा होता.

हे मी कुठंही, कुणापुढंही मान ताठ ठेवून सांगते. आमच्या सातारा-सांगलीकडं आजोबा म्हटलं की तो दांडगाच असावा लागतो. कुणाच्या आजोबानं पुरात उडी टाकलेली असते, कुणाच्या आजोबानं बिबट्याला काठीनं हाणलेलं असतं, कुणाचा आजोबा तर एका बैठकीत अख्खं बोकड खाऊन उठलेला असतो. साताऱ्यात माझी खानावळ आहे. तिथं जेवायला येणारी पोरं असल्या गोष्टी रंगवून सांगतात. मी ऐकून घेते आणि आमटी वाढता वाढता म्हणते, "माझा आजोबा कोंबड्याला भिऊन वाट बदलायचा." पोरं खो खो हसतात. हसू देत. पोटभर हसलं की भाकरी एक जास्त जाते.

आणि हो, मी त्याला अरेतुरे करते, त्यावरून कुणी मला शिकवायला येऊ नका. तो चौतिसाव्या वर्षी गेला आणि मी आता पस्तिशीच्या पुढं आहे. माझ्याहून धाकट्या माणसाला अहोजाहो कुठून करू? मी त्याला बघितलेला नाही. माझ्या वडलांनी बघितला, पण तेव्हा ते इतके लहान होते की त्यांना फक्त त्याच्या अंगाचा हळदीचा वास आठवतो. बाकी जे काही माझ्याकडं आहे ते सगळं आजीकडून आलेलं. आजी एकदा त्याच्याबद्दल बोलायला लागली की चुलीवरचं दूध उतू गेलं तरी तिला पत्ता नसतो.

तो राहायचा सांगलीजवळ हरिपुरात, आणि आजी कोरेगावची. लग्न कोरेगावला झालं. वरात निघाली, वाजंत्री लागली, घोडं सजवून आणलं. नवरदेव काही केल्या घोड्यावर बसेना. मामानं समजावलं, मेव्हण्यांनी चिडवलं, शेवटी तडजोड झाली: घोडं पुढं चालेल आणि नवरदेव त्याच्या शेजारून, लगाम लांब धरून, चालत येईल. कोरेगावच्या बाया दारात उभ्या राहून बघतायत तर घोडं मोकळंच, आणि बाशिंग बांधलेला एक माणूस त्याच्यापासून हातभर अंतर राखून चाललाय.

"मी आत बसलीया नटूनथटून," आजी सांगते, "आन् आमची चुलती पळत आली. म्हनली, अगं बया, नवरा घोड्याला भितोय गं! माझं काळीजच बसलं. म्हनलं, ह्यो माणूस संसार काय करंल?"

"मग काय केला?"

"लय चांगला केला," आजी म्हणते, आणि पदराचं टोक उगाच नीट करते.

चप्पल घालायच्या आधी तो ती उलटी करून आपटायचा, विंचू असेल म्हणून. तिथवर ठीक आहे, पण पाहुणा जायला निघाला की त्याचीही चप्पल उचलून आपटायचा. आलेल्या माणसाला वाटायचं, हा आपल्याला हाकलतोय. मासा खायचा नाही, काटा अडकेल म्हणून. कृष्णा-वारणेच्या संगमावर राहून नावेत कधी बसला नाही. पलीकडच्या गावात लग्न असलं तर घरची सगळी नावेनं दहा मिनिटांत पोचायची आणि हा पुलावरून लांबचा वळसा घालून, पंगती उठता उठता पोचायचा. पोचल्यावर पहिलं विचारायचा, "सगळी आली का नीट?" ती मंडळी हात धुवून पान खात बसलेली असायची.

"भ्यावं गड्या," तो म्हणायचा, "पण नीट भ्यावं." हे त्याचं आवडतं वाक्य. त्याचा अर्थ कुणी विचारला तर पुढं सांगायचा, "पळत्यालाबी काय कळत न्हाई आन् उडी मारत्यालाबी काय कळत न्हाई. थांबत्याला कळतं."

आता या माणसाचं काम काय होतं, ते सांगते. तो पेवात उतरायचा.

पेव म्हणजे हळद साठवायचं जमिनीतलं कोठार. हरिपुरात ती पूर्वी जागोजाग होती. वरून बघितलं तर एक माणूस जेमतेम जाईल एवढंच तोंड, पण आत उतरलं की दोन-तीन पुरुष खोल आणि घराएवढं पोट. तळाला आणि बाजूंना पाला, चटया घालायच्या, हळद भरायची, वर फरशी ठेवून माती लिंपून तोंड बंद करायचं. वर्षानुवर्षं हळद आत तशीच राहायची, कीड नाही की बुरशी नाही. पण पेव उघडल्यावर लगेच आत जायचं नसतं. बंद पेवात वायू धरतो. त्याला ना रंग ना वास. उतरणारा माणूस खाली पोचतो, बसल्यासारखा बसतो, आणि संपतो. त्याला काढायला गेलेलाही त्याच्या शेजारी बसतो. म्हणून पेव उघडून ठेवायचं, वारं आत खेळू द्यायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील जळत राहिला तर माणसानं जायचं. विझला तर वरच बसायचं.

हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि रोज पाळणं वेगळं. बाहेर गाडी उभी असते, अडत्या ओरडत असतो, ऊन वर चढत असतं. 'झालं की आता, लय येळ झाला उघडून' असं कुणीतरी म्हणतं आणि कुणीतरी उतरतं. बहुतेक वेळा काही होतही नाही. आजोबाच्या टोळीत मात्र हे चालायचं नाही. तिथं कंदील त्याच्या ताब्यात असायचा. पेव उघडलं की तो काठाशी जाऊन ओणवा व्हायचा आणि परक्याच्या दारात उभं राहून विचारावं तसं आत तोंड करून विचारायचा, "येऊ का?"

मग कान देऊन ऐकायचा. मग टोळीकडं वळून म्हणायचा, "न्हाई म्हनतंय अजून."

आणि सगळ्यांना घेऊन लिंबाच्या झाडाखाली बसायचा. भाकरी सोडायला लावायचा, गप्पा हाणायचा. अडत्या येऊन तणतणायचा. आजोबा त्यालाही बस म्हणायचा आणि त्याच्या चपला आपटून द्यायचा. "अहो, गाडी थांबलीय माझी!" अडत्या कपाळाला हात लावायचा. यावर आजोबाचं उत्तर ठरलेलं. "थांबू द्या की. पेव कुठं पळून चाललंय?"

हे इतक्यांदा म्हणाला की गावानं त्याचं नावच थांब्या पाडलं. माझी आजी थांब्याची बायको आणि माझे वडील थांब्याचं पोर. वडील पुढं कोरेगावात वाढले तरी हे नाव तिथवर पोचलं; क्रिकेट खेळताना पोरं त्यांना चिडवायची, 'थांब्या, आऊट झालास, जा की!' असं म्हणून. माझे वडील पुढं एसटीवर ड्रायव्हर झाले. सातारा-सांगली गाडी त्यांनी बरीच वर्षं चालवली आणि त्यांच्या गाडीला रिक्षा मागं टाकून जायच्या. प्रवासी शिव्या घालायचे. वडील आरशात बघून म्हणायचे, "पोचायचंय का पळायचंय?" रक्त हे असं असतं. मी स्वतः रात्री खानावळ बंद करताना गॅस तीनदा बघते, घरी गेल्यावर परत एकदा बघायला येते. नवरा म्हणतो, डोक्यावर परिणाम झालाय. मी म्हणते, वारसा आहे.

आजोबाला एक थोरला भाऊ. आम्ही त्यांना थोरले आजोबाच म्हणतो. ते बरोबर उलटं माणूस. पैलवान. छाती अशी की दारातून आडवं यावं लागायचं. लंगोट लावलाय तोवर लग्न करायचं नाही, असं ठरवलेलं. भीती म्हणून काय ती ठाऊक नाही. टोळीचे मुकादम तेच, आणि कंदील आजोबाकडं. म्हणजे एक ढकलणारा आणि एक धरून ठेवणारा. आजी म्हणते, दोघांची जोडी बैलांसारखी होती, एकट्यानं कुणीच गाडी ओढली नसती. एका ताटात जेवायचे.

एका चैत्रात थोरल्यांनी यात्रेत मोठी कुस्ती मारली. गावानं फेटा बांधला. तो फेटा त्यांनी रात्री झोपतानाही उतरवला नाही आणि दुसऱ्या दिवशी कामावरही घालून आले. पेवाचं तोंड नुकतंच उघडलं होतं. थोरले वाकून आत बघायला गेले आणि फेटा सुटून सरळ पेवात.

मग टोळीतला एकजण म्हणाला, "पैलवान, पेवानं चितपट केलं की तुमाला!" आणि सगळी हसली.

पैलवानाच्या डोक्यावरचा फेटा पडला, आणि तोही चारचौघांत. थोरल्यांचं तोंड लाल झालं. त्यांनी धोतर खोचलं, दोरीसुद्धा न बांधता उतरायला निघाले. तेवढ्यात माझा आजोबा, कोंबड्याला भिणारा माझा आजोबा, पुढं झाला आणि पेवाच्या तोंडावर बसला. एका काठावर बूड, समोरच्या काठाला पाय लावलेले, दोन्ही हातांनी काठ धरलेला, आणि मधे खाली काळोख. जो माणूस विहिरीच्या कठड्यापाशी उभा राहायचा नाही, तो पेवाच्या उघड्या तोंडावर पूल होऊन बसला.

"ऊठ," थोरले म्हणाले.

"उठतो की. जरा वारं खेळू दे आत. कंदील सोडू, मग उतर."

"माझा फेटा खाली पडलाय आन् तू मला कंदील दावतुस?"

"फेटा कुठं पळून चाललाय?"

थोरल्यांनी शेजारी ठेवलेल्या कंदिलाला लाथ मारली. काच फुटली, तेल मातीत सांडलं. "घे तुझा कंदील. आता काय करतुस?"

आजोबानं कंदिलाकडं बघितलं. म्हणाला, "आता उद्या. सांगलीस्नं काच आणाय पायजे."

तेव्हा थोरल्यांनी त्याच्या थोबाडीत मारली. पैलवानाचा हात. आवाज पार रस्त्यापर्यंत गेला म्हणतात. आजोबाची टोपी उडाली, ओठ फाटला. पण तो उठला नाही. त्याला ओढून काढायचं तर तोच आत पडणार, हे थोरल्यांना कळत होतं. दुसरा हात उगारला आणि तसाच खाली आला. तिथं असलेले लोक सांगायचे की आजोबा थरथरत होता. इतका, की त्याच्या पायाखालची माती सुटून पेवात पडत होती. डोळे गच्च मिटलेले. तरी हात काठावरून सुटले नाहीत.

लोकहो, मला सांगा, ज्याला भीती वाटतच नाही तो तिथं बसला तर त्यात काय मोठं? थोरल्यांनी हजार कुस्त्या मारल्या असतील. माझ्या आजोबानं एकच मारली. पण ती बसून मारली.

थोरले पाय आपटत निघून गेले. आजोबा तिन्हीसांजेपर्यंत तिथंच बसला, परत येतील म्हणून.

घरी आला तर आजी संतापलेली. गावातून बातमी आधीच पोचलेली. "चारचौघात मार खाऊन आलायसा. तुमाला हात न्हाईत व्हय?"

"हात हुतं की," आजोबा म्हणाला. "पेवाचं काठ धरल्यालं हुतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी नवी काच आली. कंदील खाली गेला आणि हसत वर आला. आजोबानं ओणवं होऊन विचारलं, "येऊ का?" मग मान हलवली. "ये म्हनतंय." थोरले उतरले, फेटा डोक्याला गुंडाळून वर आले आणि हात पसरून सगळ्यांना म्हणाले, "बघा रं! काय झालं? काय बी झालं न्हाई!"

टोळी हसली. आदल्या दिवशी थोरल्यांना हसली होती, आता आजोबाला हसली. एक दिवस उगाच वाया घालवला म्हणून अडत्यानं नवी टोळी बघायची भाषा केली. आणि आजोबा कंदिलाची वात खाली करत एवढंच म्हणाला, "काय बी झालं न्हाई, ह्येच तर पायजे हुतं."

हे कुणी ऐकलंच नाही. कसं ऐकतील? माणूस मेला असता तर आजोबा शहाणा ठरला असता. कुणी मेलं नाही, म्हणून तो भित्रा ठरला. आदल्या दुपारी त्या पेवात वायू होता की नव्हता, हे आता कुणालाच, कधीच कळणार नव्हतं.

थोरल्यांनी भावाशी बोलणं टाकलं. पुढच्या साली कुस्ती सोडली, लग्न केलं, वेगळी चूल मांडली. दोघं एकाच टोळीत, एकाच पेवावर, आणि एकमेकांशी अबोला. आजोबानं मात्र बोलणं सोडलं नाही. तो वाऱ्याला सांगायचा. थोरले शेजारी उभे असले की मोठ्यानं म्हणायचा, "कंदील भरून ठिवलाय बरं का, कुणाला पायजे आसंल तर."

असं काही वर्षं चाललं. आणि मग तो गेला. पेवात नाही हो. पेवानं त्याला कधी बोट लावलं नाही. तो काविळीनं गेला.

हळदीच्या हंगामात हरिपुरातली माणसं पिवळीच असतात. हात पिवळे, पाय पिवळे, घाम पिवळा, अंघोळीचं पाणी पिवळं. अंथरूणसुद्धा पिवळं. त्या साली आजोबाचं तोंड जास्त पिवळं दिसायला लागलं, नखं पिवळी झाली. आजी म्हणाली, "हळद लय बसलीया अंगावर." डोळे पिवळे झाले तेव्हा म्हणाली, "धुरळा गेलाय डोळ्यात." जेवण जाईना, तर उन्हाचा त्रास. दुसऱ्या कुठल्याही गावात कुणीतरी चार दिवसांत ओळखलं असतं. हळदीच्या गावात पिवळ्या माणसाकडं कोण बघणार? जगातल्या प्रत्येक गोष्टीत जो कंदील सोडून बघायचा, त्याच्याच अंगात काय साचलंय ते कुणाला दिसलं नाही. आजी हे सांगते तेव्हा रडत नाही. हाताकडं बघत बसते.

तो अंगणात पडला तेव्हा थोरलेच धावत आले. गाडी जोडायला वेळ जाईल म्हणून त्यांनी भावाला पाठीवर घेतलं आणि सांगलीच्या वाटेनं पळत सुटले. आजी मागं पळतेय, माझे वडील तिच्या कडेवर. थोरले धापा टाकत होते. पाठीवरून आजोबाचा बारीक आवाज आला. आजीनं तो स्वतः ऐकला.

"सावकाश, दादा. पडशील. दवाखाना कुठं पळून चाललाय?"

त्यानंतर तो काही बोलला नाही. डॉक्टरांनी केलं तेवढं केलं, पण फार उशीर झाला होता.

तेराव्याला भाऊबंद जमलेले असताना आजी पदर डोक्यावर घेऊन बाहेर आली. धाकट्या भावजयीनं थोरल्या दिराच्या तोंडासमोर उभं राहायचं नाही असा तो काळ. ती उभी राहिली. म्हणाली, "एकदाच म्हना. समद्यांच्या म्होरं म्हना. त्या दिवशी माझा नवरा बरुबर हुता."

थोरले खाली मान घालून बसले. बोलले नाहीत. आजीनं थोडा वेळ वाट बघितली, मग पोराला उचललं आणि कोरेगावला भावाकडं निघून आली. परत हरिपुरात पाऊल टाकलं नाही. भावाच्या परड्यात तिनं स्वतःची हळद लावली, ती उकडायची, वाळवायची, कांडायची. सांगलीची हळद घरात आली तर वासावरून ओळखते आणि परत पाठवते. तिला एवढंच हवं होतं, एक वाक्य, आणि ते त्याच तोंडून. त्यासाठी तिनं अर्ध्या शतकाहून जास्त वाट बघितली. थांब्याची बायको ती, थांबायला शिकलेली.

मागच्या वर्षी थोरल्यांच्या नातवाचं लग्न निघालं. आजी आता साताऱ्याला माझ्याकडं असते, म्हणून पत्रिका घेऊन तो स्वतःच तिथं आला आणि आजीच्या पाया पडून म्हणाला, "आज्यानं निरोप दिलाय. धाकली आल्याबिगर हळद लागायची न्हाई म्हनतोय."

"लागू नगं," आजी म्हणाली.

पोरगं कावरंबावरं झालं. त्याला चहा देऊन मी वाटेला लावलं आणि मग आजीशी जे भांडले, ते खालच्या मजल्यावर ऐकू गेलं. मी म्हटलं, "म्हातारा नव्वदीचा झाला. तू ऐंशीची. दोघांतलं एक गेलं म्हणजे बसशील वाक्याची वाट बघत."

"म्या कशाला जाऊ? त्यानं यावं."

"त्याला चालता येत नाही गं."

"पळत हुता की तवा," असं म्हणून ती भिंतीकडं तोंड करून झोपली. सकाळी उठून बघते तर ठेवणीतलं लुगडं नेसून बसलेली. म्हणाली, "चल. म्हातारा किती वाळलाय ते तरी बघू."

गाडी वडील चालवत होते, त्यामुळं कराडपर्यंत आम्हाला ट्रॅक्टरनंही मागं टाकलं. आजी खिडकीतून बघत बसली होती. हरिपूर आलं तर तिला ओळखूच येईना. पेवं आता राहिली नाहीत. महापुराचं पाणी आत शिरलं, बरीचशी बुजली, वर घरं उठली. जिथं थोरल्यांची टोळी काम करायची त्याच मोकळ्या जागेत मांडव घातलेला. लिंबाचं झाड तेवढं उभं होतं. आजी त्याच्या बुंध्याला हात लावून पुढं झाली.

थोरले खुर्चीत बसलेले. एवढा पैलवान, पण आता नुसता सदरा खुर्चीवर टाकल्यासारखा. आजीला बघून त्यांनी उठायचा प्रयत्न केला. जमलं नाही. समोर पाटावर नवरदेव बसला होता, हळदीची वाटी तयार होती.

"पयली हळद धाकली लावंल," थोरले म्हणाले.

बायांत कुजबूज झाली. विधवेनं हळद, आणि तीही पहिली? एकजण हळूच म्हणाली, "आबा, सवाष्णीला..."

"गप ऱ्हावा!" म्हाताऱ्याचा आवाज अजून पैलवानाचाच होता. मग ते मांडवाकडं वळले. "माझ्या रगताची जेवढी हायती तेवढी उभी ऱ्हावा."

कुणाला काही कळेना. मुलं उठली, मुली उठल्या, मग नातवंडं. नवरदेवही पाटावरून उठला. एका नातीनं तान्हं पोर खांद्यावर घेतलं होतं, तीही उभी राहिली. बघता बघता निम्मा मांडव उभा.

"ह्यातलं एकबी नसतं," थोरले म्हणाले. "त्या दिवशी माझं लगीन झाल्यालं नव्हतं. ह्याच जाग्यावर मी पेवात उडी टाकाय निघालो हुतो, फेट्यापायी. माझा भाऊ आडवा बसला. मी त्याला मारलं. खाली वायू हुता का नव्हता, मला ठावं न्हाई. त्यालाबी ठावं नव्हतं. ठावं नव्हतं म्हनून तर बसला!" त्यांचा श्वास लागला. कुणीतरी पाणी पुढं केलं, ते त्यांनी हातानंच दूर सारलं. मग आजीकडं बघून, एकेक शब्द मोजून म्हणाले, "माझा भाऊ बरुबर हुता. पाठीवर मरत हुता तवाबी मलाच जप म्हनला. मला तेराव्याला बोलाय आलं न्हाई, धाकले. लाज आडवी आली."

मी आजीकडं बघतेय. ती सावकाश वाकली, वाटीत हात घातला, पंजा हळदीनं भरून घेतला. आम्हाला वाटलं, आता नवरदेवाला लावेल. ती नवरदेवाला ओलांडून पुढं गेली, थोरल्यांच्या खुर्चीसमोर उभी राहिली आणि तो भरलेला पंजा त्यांच्या गालावर असा वाजवला की माझे वडील दचकून खुर्चीतून उठले.

"ह्यांचं हात काठाला गुतल्यालं हुतं," आजी म्हणाली. "माझं मोकळं हायती."

आणि त्याच हातानं तिनं थोरल्यांचा गाल धरून ठेवला. दोघंही म्हातारी रडत होती. हळद गालावरून ओघळून सदऱ्यावर उतरली, पांढराशुभ्र सदरा, लग्नासाठी शिवलेला. त्यांची एक नात घाबरून टॉवेल घेऊन धावली, "आबा, डाग पडंल, पुसते," म्हणत.

थोरल्यांनी तिचा हात अडवला.

"थांब की गं," ते म्हणाले. "पुसायची काय घाई? हळद कुठं पळून चाललीया?"